माणसं हलतात

नणंद-भावजयींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं असतं, असं आपण ऐकत आलोय. या दोघी मात्र गेली दोन वर्षं एका खोलीत उतरत होत्या, एका डबीत औषधं ठेवत होत्या आणि वर्षातून दोनदा कुठल्या तरी परक्या गावी चार दिवस राहून येत होत्या. नातेवाइकांना मोठा अचंबा. भांडत नाहीत का ह्या? भांडायच्या की! पण एकाच गोष्टीवरून, आणि प्रत्येक गावात नव्याने. गाव बघायचं कसं, हा तो वाद.

वहिनींचं मत पक्कं होतं. गाव बघायचं म्हणजे बूड टेकून बघायचं. चौतीस वर्षं त्यांनी बांधकाम खात्यात इमारतींचे नकाशे काढले होते. कागदावरची रेघ केसाएवढी चुकली तर उद्या भिंत हातभर चुकते, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. निवृत्त झाल्यावर त्या चित्रं काढायला लागल्या. एका गावात एकच जागा आणि एकच चित्र. घडीची खुर्ची, मांडीवर फळी, तीन पेन्सिली, आणि दोन-अडीच तास मौन. त्या वेळात त्यांना हाक मारायची नाही, समोर यायचं नाही, 'चहा आणू का' असंही विचारायचं नाही. चित्र मात्र असं उतरायचं, की भिंतीच्या विटेचा उडालेला टवका त्यात असायचा, वाकडी झालेली पन्हळ असायची, एखाद्या खिडकीला काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला असेल तर तो पुठ्ठाही असायचा. फक्त माणूस नसायचा. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माणसं हलतात. हलणारी वस्तू काढायला गेलं की रेघ खोटी पडते."

नणंद त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि चौसष्टाव्या वर्षीही ते नाव तिला शोभत होतं. तिने टपाल खात्यात जन्म काढला होता, पत्रांच्या छाटणीत. पाकीट हातात आलं की एक नजर, आणि पाकीट बरोबर त्या त्या खणात. दुसऱ्यांदा बघायचं कामच नाही. लग्न केलं नाही, वहिनींच्या घरात वरच्या मजल्यावर राहायची, आणि तिची सगळी हौस त्या मोबाइलमध्ये. गावात पाऊल ठेवलं की हिचं खचाखच सुरू. पायरी दिसली की फोटो, पाटी दिसली की फोटो. हॉटेलातलं दरपत्रक, बसचं तोंड, खोलीचा नंबर, सगळ्याचे फोटो.

"लिफ्टच्या बटणांत काय सौंदर्य सापडलं गं तुला?" वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"असू दे हो. आठवण."

"कसली आठवण? आपण तिसऱ्या मजल्यावर राहिलो होतो, ही?"

भिंगरी हसली होती. ती हसण्यावारी न्यायची सगळंच. दिवसाला दीडशे फोटो काढायची आणि वहिनींना तेही पाठवायची. वहिनींनी ते येताना वाजू नयेत अशी सोय करून ठेवली होती. एकही उघडून बघितला नव्हता.

या दोघींचं हिंडणं सुरू झालं त्यालाही कारण होतं. भिंगरीचा दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. वहिनींनी त्यांचं सगळं केलं, अगदी सगळं, आणि एकटीने केलं. ते गेले तेव्हा माणसं भेटायला आली होती. कुणीतरी विचारलं, आता पुढे काय ठरवलंय? वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आता या हातांनी मी कुणाचं काही करणार नाही. उरलेले दिवस मी नुसतं बघणार आहे." कुणी वाईट मानलं नाही. चार वर्षांत त्या निम्म्या झालेल्या सगळ्यांना दिसत होत्या. भिंगरी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. महिन्याभराने तीच खाली आली आणि म्हणाली, "बघायचंच आहे ना तुम्हाला? मग चला, मी येते बरोबर."

तर या गावातला तिसरा दिवस. आदल्या दिवशी वहिनींनी जुन्या फाटकाची कमान काढली होती आणि ती फार चांगली साधली होती, त्यांना स्वतःलाच कौतुक वाटावं इतकी. सकाळी खोलीत त्यांनी ती भिंगरीपुढे धरली. भिंगरीने काय करावं? खिशातून मोबाइल काढला, चित्राचे तीन-चार फोटो घेतले, शेवटचा दोन बोटांनी ताणला, इकडे तिकडे सरकवला आणि मग म्हणाली, "वा वहिनी! त्या कमानीवरचं दगडी कबुतर काय सुरेख आलंय!"

वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. ती हे प्रत्येक वेळी करायची.

"चित्र तुझ्या नाकासमोर धरलंय मी. आणि तू ते फोनमध्ये बघतेस? डोळे देवाने कशाला दिलेत तुला, पापण्या लावायला?"

"अहो, सवय झालीय."

"सवय नाही, रोग आहे हा. आण इकडे तो फोन."

"वहिनी..."

"आण म्हणते ना. आज पैज. मी तो कारंज्याचा चौक काढणार आहे. तू दोन तास तिथे बसायचं. फोन नाही, काही नाही, नुसतं बघायचं. संध्याकाळी मला त्या चौकातल्या दहा गोष्टी सांग. सांगितल्यास तर मी आयुष्यात पुन्हा तुझ्या फोटोंना नावं ठेवणार नाही."

भिंगरी मोबाइल हातात घट्ट धरून उभी राहिली. "खरंच हवाय का?" तिने विचारलं. तिचं नेहमीचं हसू तोंडावर होतं, पण आवाज काही तरी वेगळा होता. हे वहिनींना नंतर आठवलं. नंतर त्यांना बरंच काही आठवलं. त्या वेळी त्यांनी नुसता हात पुढे केला आणि भिंगरीने मोबाइल त्यात ठेवला.

चौकात पोहोचल्यावर ती म्हणाली, "मी कुठे बसू ते तुम्हीच सांगा."

"तो काय समोर बाक. कारंज्याच्या डावीकडचा. माझ्या नजरेसमोर राहा."

"मला नेऊन बसवता?"

"आता कडेवर घेऊ का तुला?" वहिनी म्हणाल्या आणि खुर्ची उघडायला लागल्या. भिंगरी एकटी गेली. बाकापाशी जरा थांबली, हाताने त्याची पाठ चाचपली आणि बसली.

चौक मोठा होता, चारी बाजूंना चार रस्ते फुटलेला. मधोमध दगडी कारंजं, पाणी नसलेलं. त्याला अकरा तोट्या होत्या, त्यातल्या दोन मोडक्या. पलीकडे तीन मजली इमारत, तळाशी दुकानं, वर लोखंडी सज्जे. वहिनींनी आधी सज्जे घेतले, मग कारंजं, मग बाकाकडे वळल्या. बाकाच्या पाठीची एक फळी तुटल्यासारखी वाटत होती, पण नीट दिसत नव्हती. म्हणून त्यांनी बाक तसाच ठेवला आणि दुकानांच्या पत्र्यांकडे गेल्या. थोड्या वेळाने परत बघतात तर बाक छान मोकळा दिसत होता. फळीची तुटकी कड, गंजलेला बोल्ट, खाली चिकटलेला कागद. बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ती फळी काढली.

मध्ये एकदा कुठून तरी 'वहिनी' अशी हाक ऐकू आल्यासारखी वाटली. वहिनींनी मान वर केली नाही. जगात वहिन्या काय एकच आहेत? आणि असली तरी दोन तास संपले नव्हते.

सव्वा वाजता त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते.

पहिली दहा मिनिटं वहिनी चिडलेल्याच होत्या. कंटाळली असेल, दुकानात शिरली असेल, दोन तास एका जागी बसेल ती भिंगरी कसली! त्यांनी चारही रस्त्यांच्या तोंडापर्यंत जाऊन पाहिलं. दुकानांत पाहिलं. त्या गृहस्थांना विचारलं, ते म्हणाले मी आलो तेव्हा बाक रिकामाच होता. फोन करावा म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला आणि त्यांच्या हाताला दोन मोबाइल लागले. एक त्यांचा, एक तिचा. मग मात्र तोंडचं पाणी पळालं.

त्या लॉजवर जाऊन आल्या. खोलीला कुलूप, किल्ली काउंटरवर. परत चौकात आल्या. तीन वाजले तेव्हा पोलीस चौकीत गेल्या.

चौकीत एक हवालदारबाई होती, तिशीची, समोर रजिस्टर आणि अर्धा पेला चहा. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. "आजी, घाबरू नका. सापडतात माणसं. वय सांगा."

"चौसष्ट."

"उंची?"

"माझ्या खांद्याला लागते. म्हणजे खांद्याच्या जरा वर."

"अंगावर काय होतं?"

वहिनी आठवायला लागल्या. कारंज्याला अकरा तोट्या होत्या. तिसऱ्या सज्ज्याच्या कठड्याला एक गज कमी होता. औषधाच्या दुकानाच्या पत्र्याला डावीकडे पोचा होता.

"स्वेटर होता," त्या म्हणाल्या.

"रंग?"

"गडद. निळा असेल. किंवा... गडदच होता."

"चष्मा लावतात?"

"वाचायला लावते. लावायची." भिंगरीला वर्तमानपत्र वाचताना आपण शेवटचं कधी पाहिलं, हे त्यांना आठवेना. पूर्वी ती शब्दकोडं सोडवायची, चहा गार होईपर्यंत. ते कधी बंद झालं?

"कुठे बसल्या होत्या?"

वहिनींनी फळीवरचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि बाकावर बोट टेकवलं. तेवढं तरी त्यांना नेमकं सांगता येत होतं. हवालदारबाई वाकून चित्र बघत राहिली.

"छान काढता हो. ही तुटकी फळीसुद्धा काढलीत." मग ती म्हणाली, "पण त्या इथे बसल्या होत्या ना? मग त्या कुठायत यात?"

"मी माणसं काढत नाही."

"का?"

"माणसं हलतात."

"खरंच हलल्या की," हवालदारबाई म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिने सरळ मनाने म्हटलं आणि रजिस्टरात वेळ लिहायला घेतली. "उठून कधी गेल्या ते आठवतं?"

वहिनींना आठवलं. फळी कधी दिसायला लागली ते त्यांना पक्कं आठवत होतं. भिंगरी त्या फळीला पाठ लावून बसली होती म्हणून फळी दिसत नव्हती. ती उठून गेली म्हणून दिसली. आणि आपल्या मनात काय आलं होतं? बरं झालं! "पाऊण तासाने," त्या कशाबशा म्हणाल्या.

"फोटो आहे का त्यांचा एखादा?"

वहिनींनी भिंगरीचा मोबाइल काढला. त्याला कुलूप नव्हतं. त्यातले फोटो त्या आयुष्यात पहिल्यांदा उघडत होत्या.

पहिला फोटो लॉजच्या दारावरच्या पाटीचा. मग पायऱ्यांचा, एकेक पायरीची कड दिसेल असा. मग लिफ्टची बटणं, त्यांच्या खोलीचा नंबर, बाथरूमच्या नळावरची गरम-गार अशी खूण. गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू, तीनदा, प्रत्येक वेळी जास्त जवळून. हॉटेलचं दरपत्रक. बसच्या तोंडावरचा नंबर, तोच नंबर त्याच संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्वच्छतागृहाच्या दोन दारांवरची दोन चित्रं. रस्त्यांच्या पाट्या. गावाचा म्हणावा असा एक फोटो त्यात नव्हता. सूर्यास्त नाही, नदी नाही, देखावा म्हणून काही नाही. आणि कालच्या कमानीच्या चित्राचे चार फोटो. चौथ्यात नुसतं कबुतर.

चौतीस वर्षं नकाशे वाचलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. नकाशात जिथे जिना दाखवतात तिथे माणूस चढतो, जिथे दार दाखवतात तिथून शिरतो. हे सगळे फोटो जिने आणि दारं होती. भिंगरी गाव टिपत नव्हती. गावात चालायचं कसं ते वाचत होती, आणि वाचायला तिला दोन बोटांनी जग ताणून मोठं करावं लागत होतं.

"हिला दिसत नाही," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"हिला दिसत नाही हो! आणि तिचा फोन मी काढून घेतलाय." त्यांचा आवाज इतका चढला की आतल्या खोलीतला शिपाई बाहेर आला.

हवालदारबाईने मोबाइल त्यांच्या हातातून घेतला आणि पुढचे फोटो सरकवले. "हे तुमचेच की," ती म्हणाली.

पाट्या-पायऱ्यांच्या मधून मधून वहिनींचा चेहरा होता. जेवताना, बोलताना, बसमध्ये खिडकीकडे बघताना. वीस-पंचवीस तरी फोटो, हातभर अंतरावरून काढलेले. 'वहिनी, जरा इकडे बघा' म्हणून ती सारखी काढायची आणि वहिनी वैतागायच्या. आता कळलं. आपण काही बोललो की ती ते कुठल्या तोंडाने बोललो हे बघून घेत होती. आणि प्रत्येक फोटोत वहिनींच्या कपाळाला आठ्या होत्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वहिनींनी ती स्वतःपासूनही लपवली नाही. त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना भिंगरीची काळजी वाटली, लाज वाटली, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण या सगळ्याच्या तळाशी आणखी एक विचार होता. पुन्हा? पुन्हा भरवणं, धरून नेणं, रात्री हाक आली की उठणं? चार वर्षं केलं, आता पुन्हा तेच? तो विचार आला आणि त्यांना त्याची शिसारी आली, तरी तो गेला नाही.

"आजी, ऐका," हवालदारबाई म्हणाली. "त्यांना पाटी वाचता येत नाही. चौकात तुम्ही सापडत नाही म्हटल्यावर त्या काय करतील?"

वहिनींनी डोळे मिटले. आता त्यांना गेल्या दोन वर्षांतली भिंगरी बघायची होती, आणि घाईने बघायची होती. "रस्त्यात उभी राहणार नाही. रडणार नाही. कुणाला त्रास नको म्हणून आपली आपण लॉजवर जायला बघेल. बसने. रोज आम्ही चौकातल्याच थांब्यावरून बस धरतो."

"त्या थांब्यावरून तीन बस सुटतात. तिन्ही सारख्याच दिसतात."

"मग जी आली असेल तिच्यात चढली असेल."

हवालदारबाईने फोन ओढला. लॉजच्या रस्त्याला जाणाऱ्या बसच्या डेपोत अशी कुणी बाई आली नव्हती. दुसऱ्या डेपोत कुणी फोन उचलेना. तिसऱ्यात उचलला. ती ऐकत राहिली, मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "एक बाई बसल्यात म्हणे कंट्रोलरच्या खोलीत, दोन वाजल्यापासून. भावजय न्यायला येईल असं सांगतायत. स्वेटर पुरुषाचा आहे, तपकिरी. कोपरांना चामड्याचे तुकडे शिवलेत."

ते तुकडे वहिनींनी शिवले होते. डाव्या कोपराचा एक टाका वाकडा होता, कारण शिवताना यजमानांनी अंथरुणातून पाणी मागितलं होतं. ते गेल्यावर भिंगरीने तो स्वेटर मागून घेतला होता. या गावात तीन दिवस तो स्वेटर वहिनींच्या शेजारून चालत होता आणि पोलिसांनी रंग विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, निळा असेल.

पोलिसांच्या गाडीला डेपो गाठायला अर्धा तास लागला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, कारखान्यांच्या पलीकडे. पाच वाजले होते. कंट्रोलरची खोली म्हणजे एक टेबल, भिंतीवर वेळापत्रकं, एक लाकडी स्टूल. स्टुलावर भिंगरी बसली होती, हातात चहाचा पेला. तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. वहिनी दारात उभ्या राहिल्या.

भिंगरीने दाराकडे मान वळवली. दाराकडे म्हणजे दाराच्या जरा बाजूला. आणि ती हसली, परक्या माणसाशी हसतात तसं, सभ्यपणे. मग परत चहाकडे वळली.

वहिनी दारातच थिजल्या. चार पावलांवरून भिंगरीने त्यांना ओळखलं नव्हतं. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. केस मागच्या बाजूने विरळ झाले होते. भुवईत एक पांढरा केस. पेला ती दोन्ही हातांनी धरत होती, आणि एक बोट काठाच्या आत घालून चहा कुठवर आहे ते बघत होती. हे ती कधीपासून करत होती? वहिनींना काहीही माहीत नव्हतं.

"भिंगरे," त्या म्हणाल्या.

"वहिनी!" पेला हिंदकळला. "आलात होय! मी यांना सांगतच होते, येतील म्हणून. फार शोधलंत का?"

"तू उठलीस कशाला तिथून?"

"अहो, बाथरूमला जायला लागलं मला. तुम्हाला मध्ये हाक मारायची नाही, म्हणून विचारत विचारत गेले. परत आले तर बाकावर कुणी तरी बसलेलं. मला वाटलं तुम्हीच. जवळ जाऊन बोलले तर पुरुष निघाला." ती हसली. "मग हाक मारली मी तुम्हाला. एकदा."

वहिनींनी पिशवीचा बंद हाताभोवती गुंडाळला.

"तुम्ही काढत असाल, म्हणून मग परत नाही मारली. बस आली तेव्हा एकाला विचारलं, लॉजच्या रस्त्याला जाते ना? त्याने मान हलवली असेल. होय की नाही ते काही कळलं नाही, चढले." तिने पेला टेबलावर ठेवायला हात पुढे केला, आधी टेबलाची कड शोधली, मग ठेवला. "पैज हरले मी. दहा काय, दोन गोष्टी सांगता येणार नाहीत."

"किती दिवस झाले?"

भिंगरीला प्रश्न कळला. "दीड वर्ष. मधलं गेलंय, कडेकडेचं दिसतं. चालता येतं म्हणून कुणाला कळत नाही. फोटो काढून मोठा केला की बऱ्यापैकी जमतं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं किती राहील तेही सांगत नाहीत."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, आता या हातांनी कुणाचं काही करणार नाही. मी ट्रे घेऊन दारातच होते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "बरोबरच बोललात तुम्ही. दादाचं केलंत ते मी बघितलंय. तुम्हाला नुसतं बघायचं होतं. म्हटलं, जमेल तितके दिवस आपण ओझं न होता बरोबर जाऊ. कळलं की तुम्ही नेणार नाही, किंवा न्याल आणि मनातून... जाऊ दे. उद्याचं परतीचं तिकीट काढायचं असेल तर काढा. मी समजू शकते."

खरं उत्तर द्यायचं तर वहिनींना ते माहीत नव्हतं. करू शकेन का? माहीत नाही. करावंसं वाटतं का? तेही सकाळइतकं सोपं राहिलं नव्हतं. खोटा धीर द्यावा तर ते त्यांना कधी जमलं नव्हतं. त्या पुढे झाल्या, पिशवीतून मोबाइल काढला आणि भिंगरीच्या हातात ठेवला. तिची बोटं त्याच्यावर आवळली. मग वहिनी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, गुडघे कुरकुरले तरी बसल्या, आणि तिच्या तोंडासमोर तोंड आणून काहीच बोलल्या नाहीत.

कंट्रोलर खिडकीबाहेर बघायला लागला. हवालदारबाई दारातच थांबली होती. भिंगरी कान टवकारून बसली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"वहिनी? बोलत का नाही? फार चिडलाय का?"

उत्तर नाही. तेव्हा भिंगरीने मोबाइल वर केला, सवयीने, आणि समोर जे होतं त्याचा फोटो काढला. खच्. तो डोळ्यांजवळ धरला, दोन बोटांनी ताणला, सरकवला, पुन्हा ताणला.

"अगंबाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "रडताय होय तुम्ही?"

वहिनींनी डोळे पुसायला उचललेला हात खाली घेतला.

"हललाय तो," त्या म्हणाल्या. "अजून एक काढ. मी हलत नाही."